झेडला हात किती लावायचा?

१९९७ साली निसानच्या अमेरिकेतल्या शाखेने एक अजब उद्योग आरंभला. बाजारात हिंडून आपल्याच पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्या विकत घेतल्या, कारागिरांकडून त्या पार उघडून घेतल्या, गंज कापला, रंग दिला, इंजिनं नव्याने बांधली आणि डीलरांच्या शोरूममध्ये नव्या कोऱ्या गाड्यांशेजारी त्या विकायला उभ्या केल्या. गाडी होती डॅटसन २४०झेड, किंमत २४,९५० डॉलर. झेड मालिकेतली ३००झेडएक्स आदल्याच वर्षी अमेरिकेच्या बाजारातून गेली होती आणि तिची वारसदार यायला अजून अवकाश होता. मधल्या काळात नाव लोकांच्या तोंडी राहावं, एवढाच हिशेब. तो जमला नाही. चाळीस गाड्याही पुऱ्या झाल्या नाहीत आणि उपक्रम गुंडाळला गेला, कारण जीर्णोद्धाराचा खर्च विक्रीच्या किमतीत बसेना. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला हा अनुभव खुद्द उत्पादकालाच आला.

हौशी माणूस मात्र तेच काम वर्षानुवर्षं घराच्या गॅरेजमध्ये करतो आहे. खर्चाचं विचारलं तर तो विषय बदलतो. पण दुसरा एक विषय काढा, मग तो तासभर थांबत नाही: जुनी झेड हातात आली तर तिला कारखान्यातून निघाली तशी करायची, की आपल्या मनासारखी? या प्रश्नावरून या छंदात दोन तट पडलेले आहेत. एक तट पान्यांच्या पिशवीपासून नळ्यांच्या क्लिपांपर्यंत सगळं १९७० चं हवं म्हणतो. दुसरा म्हणतो, गाडी चालवायला असते, संग्रहालयाला द्यायला नव्हे. दोघांचंही ऐकल्यावर मला वाटतं की रेघ चुकीच्या जागी मारली गेली आहे. कोणता बदल उद्या उलटवता येईल आणि कोणता कायमचा, हे विचारलं की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं गंज मिटवतो.

जपानी स्पोर्ट्‌स गाड्यांत जीर्णोद्धाराला योग्य म्हणाव्यात अशा बऱ्याच आहेत. टोयोटाची २०००जीटी आहे, पण ती साडेतीनशेच्या आसपास बनली आणि आता लिलावात दहा लाख डॉलरच्या घरात खेळते. तिचा मालक पाना हातात घेत नाही. टोयोटाचीच एई८६, माझदाची आरएक्स-७ आणि एमएक्स-५, निसानची आर३२ स्कायलाइन जीटी-आर यांचे आपापले पंथ आहेत. तरी हा सगळा प्रश्न एकाच गाडीत पाहायचा असेल तर एस३० पिढीची, म्हणजे २४०झेडच्या पिढीची, झेड घ्यावी. १९६९ ते १९७८ या काळात तिच्या सगळ्या आवृत्त्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. म्हणजे ती सामान्य माणसाच्या हाती पडली, सामान्य माणसाने ती हवी तशी वापरली, कापली, सडू दिली आणि पुन्हा उभी केली.

जपानमध्ये ती ऑक्टोबर १९६९ मध्ये फेअरलेडी झेड या नावाने आली. कंपनीचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता यांना ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका आवडली होती, त्यावरून ते नाव. अमेरिकेतल्या निसानची सूत्रं युताका कातायामा यांच्याकडे होती. असल्या नावाची गाडी अमेरिकेत खपणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि गाडीवर २४०झेड अशी पाटी लागली. आतलं इंजिन होतं २,३९३ सीसीचं, सरळ सहा सिलिंडरचं; चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन; वजन हजार किलोच्या थोडंसं वर; वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास; आणि किंमत ३,५२६ डॉलर. पोर्शे किंवा जग्वार घ्यायला याहून बरेच जास्त पैसे लागत. योशिहिको मात्सुओ यांच्या चमूने काढलेलं ते लांब नाक आणि उतरतं छप्पर पाहून लोक डीलरांकडे रांगा लावू लागले. कातायामा १०५ वर्षांचे होऊन २०१५ मध्ये गेले, तोवर झेडवाल्यांत त्यांना देवासारखा मान होता.

पूर्व आफ्रिकेतल्या सफारी रॅलीने या गाडीचा कणखरपणा सिद्ध केला. १९७१ मध्ये एडगर हेरमान तिच्यातून जिंकला. १९७३ मध्ये युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा शेखर मेहता २४०झेडमधून जिंकला, आणि तेही दुसऱ्या डॅटसनशी गुणांची बरोबरी झाल्यावर. पुढे मेहताने ही रॅली आणखी चारदा जिंकली. आपल्याकडे त्याचं नाव क्रिकेटच्या तिसऱ्या फळीतल्या खेळाडूइतकंही कोणाला ठाऊक नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आफ्रिकेच्या धुळीला पुरून उरलेली ही गाडी अमेरिकेच्या हिवाळ्यापुढे मात्र हरली. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि झेडचा पत्रा पातळ. गंजरोधक लेप त्या काळच्या बहुतेक गाड्यांना जेवढा असे तेवढाच, म्हणजे जेमतेम. त्यातून पाणी कुठून येऊन कुठे साचावं याचा विचार चित्र काढणाऱ्यांनी फारसा केलेला नव्हता. पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरखालच्या पोकळीत पावसाचं पाणी उतरतं आणि तिथून नळीने फेंडरच्या आतल्या बाजूस जातं. पानगळीत त्या नळ्या तुंबतात. मग फेंडरचा खालचा कोपरा आणि दाराखालचा उंबरा आतून सडू लागतो, बाहेरून रंग मात्र झकास असतो. बॅटरीचा ट्रे ही दुसरी जागा: ॲसिड गळतं, ट्रे खातं, त्याखालून जाणारी फ्रेम रेल खातं. झेडला वेगळी चासी नाही, पत्र्याच्या घड्याच सगळा भार उचलतात. रेल गेली म्हणजे गाडीचा कणा गेला. मागच्या चाकाच्या पुढची आणि मागची बाजू, स्टेपनीचा खड्डा, मागच्या दाराची चौकट, पायाखालची जमीन ही गंजाची बाकीची ठाणी.

जमिनीवर कारखान्याने आवाज दाबायला डांबराचा जाड थर दिलेला असतो आणि त्याच्याखाली गंज निवांत वाढतो. तो थर खरवडणं हे कंबर मोडणारं काम. जाणते लोक त्यावर कोरडा बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड पसरतात. डांबर थंडीने कडक होऊन तडकतं, हातोडीने हलकेच ठोकलं की त्याच्या कपच्या निघतात. खाली चांदीसारखा पत्रा दिसला तर नशीब, तपकिरी जाळी दिसली तर अंदाजपत्रक पुन्हा करायचं.

या छंदाचं खरं काम हे आहे, आणि त्याचे फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. सांगाडा लोखंडी चौकटीत अडकवून कोंबडी भाजावी तसा फिरवता येतो, त्यामुळे पोटाखालचं वेल्डिंग उभ्याने करता येतं. सडलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचा, तेवढाच नवा तुकडा घडवायचा, कडेला कड भिडवून ठिपक्याठिपक्याने जोडायचा. घाईने सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने पत्रा वाकतो, मग ती लाट बुजवायला लांबी भरत बसावं लागतं. वाळूचा जोरदार मारा करून गंज उडवायचा सोपा मार्ग इथे घातक, कारण बॉनेट आणि छपराचा पातळ पत्रा त्याने फुगून येतो. दारं काढण्याआधी उंबऱ्याला आतून आधार दिला नाही तर सांगाडा किंचित पिळतो. हे लक्षात येतं ते सगळं वेल्डिंग संपवून दार बसवताना, तेव्हा बोलायला काही उरत नाही. माझ्या मते ज्याने फ्रेम रेल सरळ बसवली त्याने गाडी वाचवली. इंजिन त्याने कोणाचंही टाकावं.

बदलाविरुद्ध असलेल्या तटाचा युक्तिवाद इथेच पहिल्यांदा लंगडा पडतो. पन्नास वर्षांच्या झेडमध्ये जमीन नवी, रेल नवी, उंबरे नवे, डॅशबोर्डवरचा फोम उन्हाने हमखास तडकलेला म्हणून तोही नवा. आता तर युरोप-अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक पत्रा नव्याने छापून मिळतो. अशा गाडीत मूळ काय उरलं हा प्रश्न त्यांना आवडत नाही, पण टाळताही येत नाही.

दुसऱ्यांदा तो लंगडा पडतो निसानच्याच इतिहासापुढे. १९७३ च्या गाड्यांना धुराचे अमेरिकन नियम पाळण्यासाठी सपाट डोक्याचे नवे कार्बोरेटर दिले गेले. गरम इंजिनात पेट्रोलची वाफ होऊन गाडी पुन्हा सुरूच होईना, असा त्यांचा लौकिक. मालकांनी ते काढले आणि १९७०-७२ च्या गाड्यांचे घुमटाकार डोक्याचे, ब्रिटिश एसयू धाटणीचे हिताची कार्बोरेटर बसवले. आता ७३ च्या गाडीत मूळ काय म्हणायचं? जे तिच्यासोबत आलं ते, की जे तिला शोभलं ते? १९७४ मध्ये २६०झेड आली, तिच्याच उत्तरार्धात टक्कर सोसणारे जाडजूड बंपर लागले. १९७५ मध्ये २८०झेड आली, तिला २.८ लिटरचं इंजिन आणि बॉशचं इंधन इंजेक्शन मिळालं, वजनही वाढलं. जपानमधल्या गाड्यांचं तर आणखी वेगळं. दोन लिटरच्या वरच्या इंजिनाला कर जबर, म्हणून तिथली सर्वसाधारण फेअरलेडी झेड दोन लिटरची. जी गाडी जग २४०झेड म्हणून ओळखतं, ती मायदेशात दोन वर्षं उशिरा विक्रीला आली. तिच्यात २४०झेडजी म्हणून एक खास आवृत्ती होती: पुढे लांबवलेलं नाक आणि चाकांवर बाहेरून बसवलेल्या रुंद कमानी. आज कोणी आपल्या झेडला तसलं नाक लावलं की मूळचे कैवारी नाक मुरडतात. कारखान्याने ते स्वतःच लावून विकलं होतं.

शिवाय फेअरलेडी झेड४३२ होती. चार व्हॉल्व्ह प्रति सिलिंडर, तीन कार्बोरेटर, दोन कॅमशाफ्ट, त्यावरून ते नाव. तिचं १,९८९ सीसीचं एस२० इंजिन स्कायलाइन जीटी-आरमधून आलेलं, आणि गाड्या बनल्या जेमतेम सव्वाचारशे. म्हणजे एका गाडीच्या पोटात दुसऱ्या गाडीचं शर्यतीचं इंजिन घालण्याचा मान कुठल्या गल्लीतल्या मेकॅनिकला नाही, निसानलाच जातो.

आता बदलणाऱ्यांकडे वळू. यांच्यात सगळ्यात रंजक माणसं ती, जी पैशाने नव्हे तर भंगारच्या ज्ञानाने गाडी सुधारतात. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या झेडना चारच गिअर होते. पाच गिअरचा डबा पुढच्या २८०झेडएक्समधून येतो आणि थोड्या फेरफाराने बसतो. पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर काढून २८०झेडएक्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर लावला की ठिणगीची कटकट संपते. आल्टरनेटरही तिथलाच, रेग्युलेटर आतच असलेला. मूळ गाडीत हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचातून आणि फ्यूजच्या डब्यातून जातो, डबा तापून वितळतो. दोन रिले टाकले की प्रश्न मिटतो आणि दिवेही जास्त उजळतात. पुढच्या ब्रेकसाठी तर टोयोटाच्या फोर-व्हील पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर झेडच्या स्ट्रटवर जवळजवळ ठरवून केल्यासारखे बसतात. मागचा डिफरन्शियल सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयमधून आणता येतो, कारण तोही झेडच्या मूळ डिफरन्शियलसारखा आर१८० कुळातलाच.

यात मला सगळ्यात आवडतो तो क्रँकचा किस्सा. निसानने याच इंजिन घराण्यात एलडी२८ नावाचं डिझेल इंजिन काढलं होतं, मॅक्सिमासारख्या शांत कौटुंबिक गाडीसाठी. त्याच्या क्रँकशाफ्टचा स्ट्रोक ८३ मिलिमीटर. पेट्रोलच्या एल२८ चा, म्हणजे २८०झेडच्या इंजिनाचा, ७९. डिझेलचा क्रँक एल२८ च्या ब्लॉकमध्ये घालायचा, सिलिंडर ८६ वरून ८९ मिलिमीटरपर्यंत बोअर करायचे, की २,७५३ सीसीचं इंजिन ३.१ लिटरचं होतं. बाहेरून ओळखूसुद्धा येत नाही. घरगुती डिझेलचं हाड शर्यतीच्या इंजिनात बसवण्याची ही युक्ती कोणी पहिल्यांदा केली यावर वाद आहेत. आता मात्र ते डिझेल क्रँकच दुर्मिळ झाले आहेत आणि लोक नवे घडवून विकतात.

या इंजिनावर तीन जुळे कार्बोरेटर, वेबर किंवा मिकुनी-सोलेक्स, लावले की सहा सिलिंडरना सहा स्वतंत्र घसे मिळतात. त्या आवाजासाठी माणसं दर काही महिन्यांनी सहाही घशांतली हवा मोजून जुळवत बसतात. आता संगणकावर चालणारी सहा थ्रॉटल बॉडीची इंजेक्शन मिळतात. ती थंडीत पटकन सुरू होतात, पेट्रोल कमी पितात, आवाजही बराचसा तोच देतात. कार्बोरेटरवाले इंजेक्शनवाल्यांना हसतात, आणि डिसेंबरच्या सकाळी त्यांच्याकडेच लिफ्ट मागतात.

यानंतरची पायरी म्हणजे इंजिनच बदलणं. निसानभक्तांची पहिली निवड आर३२ स्कायलाइनचं आरबी२६: २,५६८ सीसी, दोन टर्बो, कागदावर २८० पीएस. सहा सिलिंडर सरळ रांगेतच, त्यामुळे लांब नाकात ते शोभतं आणि कुळही तेच. अमेरिकन माणूस शेवरलेचा व्ही८ घालतो आणि शिव्या खातो. पण वजनाचा काटा व्ही८ च्या बाजूने झुकतो. ॲल्युमिनिअमचा नवा व्ही८ मूळच्या लोखंडी इंजिनाइतकाच भरतो, उलट आरबी२६ त्याच्या टर्बोंसकट त्याहून बराच जड. म्हणजे ज्याला झेडची मूळची हलकी चाल हवी, त्याला शेवरले जास्त जवळची. हे मी झेडवाल्यांच्या मेळाव्यात मोठ्याने बोलणार नाही. दोन्हीत खरी अडचण सांगाड्याची आहे. दीडशे घोड्यांसाठी दुमडलेला पत्रा चारशे घोड्यांना पिळवटतो. त्यासाठी जोड पुन्हा वेल्ड करावे लागतात, आत लोखंडी पिंजरा घालावा लागतो आणि तिथून गाडी परतीच्या वाटेवर राहत नाही.

जपानमध्ये या वेडाला चित्रकथांनी खतपाणी घातलं. मिचिहारू कुसुनोकी यांच्या ‘वांगान मिडनाइट’मध्ये १९९० पासून टोकियोच्या किनारी महामार्गावर एक निळी शापित झेड रात्रीची धावते, पोटात दोन टर्बोंचं एल२८. त्या पानांवर वाढलेली पिढी आता पन्नाशीला आली आहे, हातात पैसा आहे, आणि झेडच्या किमतींमागचं एक कारण तेही आहे. योकोहामातल्या दाइकोकू पार्किंगमध्ये जमणाऱ्या गाड्यांत किंवा जानेवारीत भरणाऱ्या टोकियो ऑटो सलॉनमध्ये वातानाबेची आठ आऱ्यांची चाकं लावलेली झेड हमखास दिसते.

किमतीने या वादात तिसरा पक्ष उभा केला आहे. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत एका ऑनलाइन लिलावात १९७१ ची, फार कमी चाललेली, जवळजवळ जशीच्या तशी राहिलेली २४०झेड ३,१०,००० डॉलरला गेली. तो आकडा अपवादात्मक होता, पण त्याने लोकांच्या सवयी बदलल्या. काल ज्यांनी फेंडर कापून रुंद कमानी बसवल्या असत्या, ते आज मूळचे फेंडर जपून ठेवतात. काढलेले कार्बोरेटर, स्टिअरिंग, चाकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या आता डब्यात घालून माळ्यावर जातात. पैशाच्या लोभाने का होईना, परत फिरता येण्याचा विचार रुजला. वाईट एवढंच, की ज्यांना लहानपणी ही गाडी हवी होती त्यांच्यातल्या निम्म्यांना ती आता परवडत नाही.

‘मूळ’ म्हणजे काय हे सरकारंही आपापल्या परीने ठरवतात आणि त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक पाटी मिळते, मात्र बदल असलेच तर ते त्या काळात होऊ शकले असते असेच असावेत. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं झाली की वार्षिक तपासणी माफ, गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा फेरफार झालेला नसेल तर. जपानमध्ये दर दोन वर्षांनी शाकेन नावाची कडक तपासणी असते. १९९५ मध्ये बदलांचे नियम बरेच सैल झाले. इंजिन बदललं तर कागदपत्रांनिशी ते मंजूर करून घेता येतं आणि अशी मंजूर गाडी अभिमानाने मिरवली जाते. गंमत म्हणजे तेच सरकार तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीवर जादा कर लावतं. अमेरिकेत परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की सुरक्षेच्या संघीय नियमांतून सुटते, म्हणून २०१४ पासून आर३२ जीटी-आरचे कंटेनर तिकडे जाऊ लागले आणि जपानमधल्या किमती चढल्या.

उत्पादकही आता जागे झाले आहेत. निसानने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चा जीर्णोद्धार कारखान्यातच हाती घेतला, त्या काळच्या टायरची नक्षीही पुन्हा आणली. टोयोटा २०२० पासून सुप्रा आणि २०००जीटीचे भाग देऊ लागली, पुढे एई८६ चेही. बदलाच्या बाजूलाही त्या आहेत: टोयोटाने २०२३ च्या ऑटो सलॉनमध्ये हायड्रोजनवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या दोन एई८६ उभ्या केल्या, निसानने २०२५ मध्ये विजेवरची आर३२. झेडच्या वाट्याला यातलं फारसं आलेलं नाही. तिचा संसार अजून छोट्या कारखान्यांवर आणि हौशी लोकांच्या अनुभवावर चालतो.

भारतात यातलं काय शक्य आहे? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या रचनेत मूलभूत फेरफार करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठासून सांगितलं. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली: नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट अशी, की चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल नको. रोजच्या वापराला तर ती गाडी बाहेर काढायचीच नाही. म्हणजे डिझेल क्रँकचं ३.१ लिटर इंजिन योकोहामात कागदपत्रं करून रस्त्यावर येऊ शकतं, पुण्यात नाही. मग इथला जपानी छंद वेगळ्या यंत्रांवर भागतो: जुनी जिप्सी, पहिली मारुती ८००, आणि सगळ्यांत जास्त राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी. तिच्यावरून मुंबई-पुण्यातल्या गॅरेजांत होणारी भांडणं ऐका, हाय टॉर्क की लो टॉर्क, मूळ कार्बोरेटर की बदललेला. झेडवाल्यांच्या भांडणाचीच ती धाकटी भावंडं आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि अशी एखादी गाडी घेण्याच्या बेतात असलेल्या मराठी वाचकासाठी थोडं. ‘नुकताच रंग दिला आहे’ असं जाहिरातीत असेल तर खिशात चुंबक घेऊन जा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. चटई उचलून जमीन पाहा, बॅटरी काढायला लावून ट्रे पाहा, मागच्या दाराचं रबर दाबून पाहा, कारण ते गेलं असेल तर चालताना सायलेन्सरचा धूर आत येतो. विकणारा इंजिनाचं कौतुक करत असेल तर करू द्या आणि तोवर गाडीखाली जा. मागच्या सस्पेन्शनमधली लांब स्पिंडल पिन गंजून बसलेली असणारच, ती काढायला लागणारे दिवस किमतीतून वजा करून मागा. बंद पडलेलं इंजिन असलेली, कोरड्या ॲरिझोनातली, उन्हाने रंग उडालेली गाडी ही मिशिगनच्या चकचकीत चालू गाडीपेक्षा केव्हाही बरी.

वर्षाचं म्हणाल तर माझी निवड १९७५ ची २८०झेड. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. त्याच तोंडवळ्याची १९७६ ची गाडी घेतलीत तर आयुष्यभर तपासणी केंद्राच्या वाऱ्या आणि इंजिन बदलायचं स्वातंत्र्य अर्धं. ७५ ला मोठं इंजिन आहे, इंजेक्शन आहे, आणि २४० च्या मानाने भाव अजून खाली आहे. तिचे बंपर तेवढे जड आणि कुरूप आहेत. ते काढा, २४० चे पातळ लावा, आणि काढलेले विकू नका.